महाविद्यालयात मेडिकल कोडिंग शिकताना : नोंद कशी वाचावी आणि कोडपर्यंत कसे पोहोचावे

अमेरिकेत रुग्णाने डॉक्टरांची भेट घेतली की त्या भेटीची लेखी नोंद तयार होते. या क्षेत्रात तिला चार्ट म्हणतात. चार्टमधील आजार आणि रुग्णावर केलेले उपचार ठरावीक कोडच्या रूपात मांडल्याखेरीज विमा कंपनीकडे किंवा मेडिकेअरसारख्या सरकारी योजनेकडे बिल जात नाही. कोड देण्याचे हे काम मोठ्या प्रमाणावर भारतात, चेन्नई, हैदराबाद, पुणे, नवी मुंबई अशा शहरांतील कार्यालयांत होते. त्यामुळे जीवशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, औषधनिर्माण, परिचर्या, फिजिओथेरपी, आयुर्वेद किंवा होमिओपॅथी शिकणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांचे लक्ष या विषयाकडे वळले आहे आणि काही महाविद्यालये पदवीच्या बरोबरीने त्याचा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही चालवतात. असा अभ्यासक्रम निवडलेल्या किंवा निवडण्याच्या विचारात असलेल्या विद्यार्थ्याने अभ्यास कसा करावा, हे येथे सांगितले आहे.

वर्गात पहिल्या आठवड्यापासून एक गैरसमज पसरलेला दिसतो, तो म्हणजे कोड पाठ करावे लागतात. केवळ निदानाच्या कोडची संख्याच सत्तर हजारांच्या वर आहे आणि त्यात दरवर्षी भर पडते, काही कोड रद्दही होतात. ते पाठ करून दाखवा, असे कामाच्या ठिकाणी कोणी म्हणत नाही. डॉक्टरांनी काय लिहिले आहे, काय लिहिलेले नाही आणि जे लिहिले आहे त्यातले नियमानुसार काय कोड करता येते, एवढेच तेथे विचारले जाते. म्हणून अभ्यासक्रमातला बहुतेक वेळ नोंदी वाचण्यात आणि प्रत्येक कोडचे कारण सांगण्यात जायला हवा.

प्रवेश घेण्यापूर्वी

शुल्काची चौकशी सगळेच करतात. त्याबरोबर आणखी तीन गोष्टी विचाराव्यात. शिकवणाऱ्या शिक्षकांकडे कोडरच्या परीक्षा घेणाऱ्या एएपीसी किंवा अहिमा यांपैकी एखाद्या संस्थेचे चालू प्रमाणपत्र आहे का? वर्गात वापरली जाणारी कोडची पुस्तके चालू वर्षाची आहेत का? आणि अभ्यासक्रम संपेपर्यंत विद्यार्थ्याच्या हाताखालून प्रत्यक्ष नोंदींसारखे किती चार्ट जातील? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर गुळमुळीत आले, तर तो अभ्यासक्रम केवळ व्याख्या लिहून घेण्याचा आहे असे समजावे. ‘नोकरीची शंभर टक्के हमी’ देऊन वेगळी अनामत मागणाऱ्या वर्गापासून दूर राहिलेले बरे. महाविद्यालयाचे प्रमाणपत्र आणि या दोन अमेरिकी संस्थांच्या परीक्षांचे प्रमाणपत्र या स्वतंत्र गोष्टी आहेत, हेही प्रवेशाच्या वेळीच स्पष्ट करून घ्यावे.

कोडचे संच आणि पुस्तके

निदानासाठी आयसीडी-१०-सीएम हा संच वापरला जातो. अमेरिकेत तो १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू झाला आणि त्याची नवी आवृत्ती दरवर्षी १ ऑक्टोबरला अमलात येते. डॉक्टरांनी केलेल्या तपासण्या, शस्त्रक्रिया आणि सल्ला यांसाठी सीपीटी हा पाच अंकी कोडचा संच आहे. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने तो प्रथम १९६६ मध्ये प्रसिद्ध केला आणि त्याचे नवे वर्ष १ जानेवारीला सुरू होते. औषधे, उपकरणे, रुग्णवाहिका अशा बाबींसाठी एचसीपीसीएस लेव्हल टू, तर रुग्णालयात दाखल असलेल्या रुग्णावरील प्रक्रियांसाठी आयसीडी-१०-पीसीएस हा सात स्थानांचा संच असतो.

खर्चाच्या दृष्टीने एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. आयसीडी-१०-सीएमच्या याद्या आणि त्यांचे अधिकृत नियम अमेरिकी सरकारी संकेतस्थळांवर विनामूल्य मिळतात. सीपीटीचे हक्क मात्र अमेरिकन मेडिकल असोसिएशनकडे असल्यामुळे ते पुस्तक विकत घ्यावे लागते. सुरुवातीचे काही महिने निदानाच्या कोडचा सराव विनामूल्य याद्यांवर करावा आणि परीक्षेचे वर्ष ठरल्यावरच सीपीटीचे पुस्तक घ्यावे. आधी घेतलेले पुस्तक परीक्षेपर्यंत जुने होण्याची शक्यता असते.

शरीररचना आणि परिभाषा

शालेय पुस्तकांत यकृत, मूत्रपिंड, स्वादुपिंड शिकलेल्या विद्यार्थ्याला चार्टमध्ये हिपॅटिक, रीनल, पँक्रिएटिक असे शब्द भेटतात. त्यांची वही पहिल्या दिवसापासून ठेवावी. शस्त्रक्रियांच्या नावांतील प्रत्ययांकडे विशेष लक्ष द्यावे. ‘एक्टमी’ म्हणजे अवयव किंवा त्याचा भाग काढणे, ‘ऑटमी’ म्हणजे छेद देणे आणि ‘ऑस्टमी’ म्हणजे मार्ग उघडून ठेवणे. या तिन्हींत गल्लत झाली, की कोड पूर्णपणे वेगळ्या पानावर जातो. पीसीएसमध्ये तर भेद याहून सूक्ष्म आहेत. अवयवाचा काही भाग काढला तर एक्सिजन आणि संपूर्ण अवयव काढला तर रिसेक्शन. दुर्बिणीद्वारे संपूर्ण अपेंडिक्स काढल्याचा कोड ०डीटीजे४झेडझेड असा आहे. त्यातील ‘डी’ पचनसंस्था दाखवतो, ‘टी’ रिसेक्शन, ‘जे’ अपेंडिक्स आणि ‘४’ हा आकडा दुर्बिणीचा मार्ग. पीसीएसचा कोड तक्त्यावरून असा एकेक स्थान भरत तयार होतो आणि ज्याची शरीररचना पक्की आहे त्याला तो फारसा जड जात नाही.

निदानाचा कोड शोधणे

पुस्तकात दोन भाग असतात. वर्णानुक्रमे लावलेली सूची, म्हणजे इंडेक्स, आणि कोडच्या क्रमाने लावलेली मुख्य यादी, म्हणजे टॅब्युलर. इंडेक्समध्ये अवयवाचे नाव शोधू नये, तक्रारीचे किंवा आजाराचे नाव शोधावे. उजवा गुडघा दुखतो असे लिहिले असेल, तर शोध ‘पेन’, म्हणजे वेदना, या शब्दापासून सुरू होतो, तेथून सांधा, मग गुडघा, आणि कोड एम२५.५६१ पर्यंत येतो. डाव्या गुडघ्याचा कोड एम२५.५६२ आहे. बाजू लिहिलेलीच नसेल तर एम२५.५६९. इंडेक्समध्ये सापडलेला कोड तसाच उतरवून पुढे जाणे ही नवशिक्याची सर्वांत महाग पडणारी सवय आहे. टॅब्युलरमध्ये त्या कोडच्या आणि त्याच्या वरच्या शीर्षकाच्या खाली सूचना असतात. ‘आधी अमुक कोड द्या’, ‘सोबत तमुक कोड द्या’, ‘एक्सक्लूड्स वन’ म्हणजे हे दोन कोड साधारणपणे एकत्र देता येत नाहीत, आणि ‘एक्सक्लूड्स टू’ म्हणजे दोन्ही आजार असतील तर दोन्ही कोड देता येतात. या सूचना वाचल्याशिवाय कोड निश्चित करू नये.

याचे एक पूर्ण उदाहरण पाहू. नेहमीची एक रुग्ण बाह्यरुग्ण विभागात आली. चार्टमध्ये लिहिले आहे : टाइप टू मधुमेह, उच्च रक्तदाब, मूत्रपिंडाचा जुनाट आजार टप्पा ३ए, प्रकृती स्थिर, मेटफॉर्मिन आणि रक्तदाबाची गोळी चालू ठेवावी. नवा विद्यार्थी तीन ओळींचे तीन कोड लिहितो : गुंतागुंत नसलेल्या मधुमेहाचा ई११.९, रक्तदाबाचा आय१० आणि मूत्रपिंडाच्या आजाराचा एन१८.३१. यांतील पहिले दोन चुकीचे आहेत. इंडेक्समध्ये मधुमेहाखाली ‘विथ’ या शब्दापुढे जे आजार दिलेले आहेत, त्यांचा मधुमेहाशी संबंध आहे असे गृहीत धरावे, असा अधिकृत नियम आहे. डॉक्टरांनी ‘यामुळे झाले’ असे लिहिलेले नसले तरी हा संबंध धरला जातो. तो नाही असे डॉक्टरांनीच स्पष्ट लिहिले, तरच तो तुटतो. मूत्रपिंडाचा जुनाट आजार या यादीत आहे, म्हणून मधुमेहाचा कोड ई११.२२ होतो. उच्च रक्तदाब आणि मूत्रपिंडाचा जुनाट आजार यांच्या बाबतीतही हेच गृहीतक लागू असल्यामुळे आय१० जाऊन त्याच्या जागी आय१२.९ येतो. हे दोन्ही कोड टप्पा दाखवणारा कोड सोबत द्यायला सांगतात, म्हणून एन१८.३१ राहतो, पण तो त्यांच्या नंतर येतो. मेटफॉर्मिन दीर्घकाळ चालू असल्याची नोंद झेड७९.८४ ने होते. इन्सुलिन दीर्घकाळ चालू असते तर झेड७९.४ लागला असता. मात्र वाढलेली साखर त्या भेटीपुरती खाली आणण्यासाठी इन्सुलिन दिले असेल तर तो कोड देत नाहीत.

चार ओळींच्या चार्टमध्ये इतके दडलेले असते. म्हणून एका तासात वीस चार्ट उरकणाऱ्या वर्गापेक्षा तीन चार्टवर वाद घालणारा वर्ग सुरुवातीच्या काळात अधिक उपयोगाचा, असे माझे मत आहे.

‘संभाव्य’ आणि ‘संशयित’

अधिकृत नियमांचे चार विभाग आहेत. पहिल्यात खुणा आणि प्रकरणनिहाय नियम, दुसऱ्यात दाखल रुग्णाचे मुख्य निदान, तिसऱ्यात इतर निदाने आणि चौथ्यात बाह्यरुग्ण. हा दस्तऐवज शंभराहून अधिक पानांचा असला तरी तो मुळातून वाचावा, कोणाच्या टिपणांवर भागवू नये. त्यातील एक नियम बाह्यरुग्ण आणि दाखल रुग्ण यांच्यासाठी परस्परविरुद्ध आहे आणि परीक्षेत तो हमखास विचारला जातो. खोकला आणि ताप असलेल्या बाह्यरुग्णाच्या चार्टमध्ये डॉक्टरांनी ‘न्यूमोनिया संभाव्य’ असे लिहिले असेल, तर न्यूमोनियाचा कोड देता येत नाही. खोकला आणि ताप या लक्षणांचेच कोड द्यावे लागतात. तोच शब्द रुग्णालयातून घरी सोडतानाच्या अंतिम निदानात असेल, तर रुग्णाला न्यूमोनिया होता असे धरून कोड दिला जातो. यालाही अपवाद आहेत : एचआयव्ही किंवा कोविड-१९ यांसारख्या मोजक्या आजारांचा कोड दाखल रुग्णालासुद्धा निदान पक्के झाल्याशिवाय देत नाहीत. उलट, निदान पक्के झाल्यावर त्या आजाराची नेहमीची लक्षणे वेगळी कोड करायची नसतात. तीव्र अपेंडिसायटिसचे निदान झालेल्या रुग्णाच्या पोटदुखीला स्वतंत्र कोड लागत नाही.

हाड मोडल्याच्या कोडमध्ये सातवे स्थान गोंधळात टाकते. उजव्या मनगटाजवळच्या कोलीस फ्रॅक्चरचा कोड एस५२.५३१ असा असतो आणि त्यापुढे अक्षर लागते. ‘ए’ म्हणजे बंद फ्रॅक्चरवर सक्रिय उपचार चालू आहेत, ‘डी’ म्हणजे ते नेहमीच्या गतीने भरून येत असतानाची पुढील भेट. रुग्ण त्या डॉक्टरांकडे प्रथमच आला आहे का, यावर हे अक्षर ठरत नाही. उपचाराच्या अवस्थेवर ठरते. फ्रॅक्चर उघडे की बंद हे लिहिलेले नसेल तर बंद धरावे आणि हाड सरकले आहे की नाही हे लिहिलेले नसेल तर सरकलेले धरावे, असेही नियम आहेत. कोड सात स्थानांपेक्षा लहान असेल, तर मधल्या जागा ‘एक्स’ने भरतात. नाकाच्या हाडाच्या बंद फ्रॅक्चरचा एस०२.२एक्सएक्सए हा कोड त्याचा नमुना आहे.

सीपीटी : शीर्षकावर विसंबू नये

शस्त्रक्रियेच्या अहवालाचे शीर्षक आणि आतला मजकूर नेहमी जुळतातच असे नाही. शीर्षकात ‘कोलोनोस्कोपी’ एवढेच असेल, पण आत फासा टाकून पॉलिप काढल्याचे वर्णन असेल, तर कोड तपासणीचा ४५३७८ नसून ४५३८५ असतो. तपासणी उपचारात सामावलेली असल्याने दोन्ही कोड एकत्र देत नाहीत. त्याच वेळी दुसऱ्या ठिकाणच्या वेगळ्या गाठीचा तुकडा तपासणीसाठी घेतला असेल, तर ४५३८० हा कोड ५९ या मॉडिफायरसह, म्हणजे कोडपुढे लावायच्या दोन अंकी खुणेसह, जोडता येतो. मात्र ती जागा वेगळी होती, हे अहवालात लिहिलेले असले पाहिजे.

जखमा शिवण्याच्या कोडमध्ये बेरीज असते. दंडावर दोन साध्या जखमा, एक २ सेंटिमीटरची आणि दुसरी ४ सेंटिमीटरची, शिवल्या असतील तर दोन कोड न देता लांबीची बेरीज करून ६ सेंटिमीटरसाठी १२००२ हा एकच कोड देतात. त्यातली एक जखम चेहऱ्यावर असती तर तिचा गट वेगळा, म्हणून ती या बेरजेत येत नाही.

डॉक्टरांच्या भेटीचे कोड, ज्यांना सगळे ‘ई अँड एम’ म्हणतात, ते १ जानेवारी २०२१ पासून बाह्यरुग्ण भेटींसाठी बरेच सुटसुटीत झाले. आता पातळी एकतर वैद्यकीय निर्णयाच्या गुंतागुंतीवर ठरते किंवा त्या दिवशी डॉक्टरांनी दिलेल्या एकूण वेळेवर. गुंतागुंतीचे तीन घटक आहेत : समस्या, तपासलेली माहिती आणि जोखीम. त्यांपैकी दोन त्या पातळीला पोहोचले पाहिजेत. वरच्या उदाहरणातील रुग्णाला दोनपेक्षा अधिक स्थिर जुनाट आजार आहेत, आणि डॉक्टरांनी तिच्या चिठ्ठीवरील औषधांविषयी निर्णय घेतला आहे. दोन्ही घटक मध्यम पातळीचे, म्हणून नेहमीच्या रुग्णासाठी कोड ९९२१४ येतो. रुग्ण ‘नवीन’ ठरण्यासाठी त्याच डॉक्टरांनी, किंवा त्याच गटातील त्याच विशेषज्ञतेच्या दुसऱ्या डॉक्टरांनी, मागील तीन वर्षांत त्याला तपासलेले नसावे.

सरावाची वही

प्रत्येक चार्टसाठी चार गोष्टी लिहाव्यात : दिलेला कोड, चार्टमधील ज्या शब्दांवर तो आधारलेला आहे ते शब्द, इंडेक्समधून तेथवर आलेला मार्ग आणि लागू पडलेला नियम किंवा सूचना. दुसरा रकाना रिकामा राहिला तर कोड खोडावा. रुग्णाच्या रक्तचाचणीत हिमोग्लोबिन कमी दिसते म्हणून विद्यार्थी स्वतःच ॲनिमियाचा कोड देतो. विशेषतः बीएएमएस, बीएचएमएस झालेल्यांना हा मोह अनावर होतो, कारण निदान त्यांना खरोखरच दिसत असते. पण निदान करणे हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे काम आहे. त्यांनी आजाराचे नाव लिहिलेले नसेल तर कोडर ते लिहू शकत नाही. फार तर त्यांना शंका विचारतो, आणि तिला क्वेरी म्हणतात.

सरावासाठी वापरलेल्या चार्टमधून रुग्णाची ओळख पटवणारी माहिती काढलेली असावी. अमेरिकेत रुग्णांच्या माहितीच्या गोपनीयतेसाठी १९९६ चा हिपा कायदा आहे, आणि म्हणूनच अनेक कार्यालयांत कामाच्या जागी मोबाइल नेऊ देत नाहीत. खऱ्या चार्टचे छायाचित्र अभ्यासासाठी म्हणून व्हॉट्सॲपच्या गटावर आले, तर ते पुढे पाठवू नये आणि स्वतःजवळ ठेवूही नये.

परीक्षा आणि पहिले काम

एएपीसीच्या सीपीसी परीक्षेत १०० बहुपर्यायी प्रश्न, ४ तासांचा वेळ आणि उत्तीर्ण होण्यासाठी ७० टक्के गुण अशी रचना आहे. कोडची पुस्तके जवळ ठेवता येतात, पण एका प्रश्नाला सरासरी २ मिनिटे २४ सेकंद मिळतात, त्यामुळे पुस्तक कोठे उघडायचे हे हाताला माहीत असलेल्यालाच त्याचा उपयोग होतो. शेवटच्या दोन महिन्यांत घड्याळ लावून सराव करावा. सीपीटीचे प्रश्न सोडवताना चारही पर्यायांतला फरक आधी पाहावा. अनेकदा फरक एकाच मॉडिफायरचा असतो आणि संपूर्ण अहवाल वाचण्याची गरज पडत नाही. रुग्णालयातील दाखल रुग्णांच्या कोडिंगकडे जायचे असेल, तर अहिमाची सीसीएस परीक्षा अधिक जवळची आहे, पण ती पहिल्या प्रयत्नासाठी जड आहे.

नव्या उमेदवारांपैकी अनेकांना सुरुवातीला एचसीसी, म्हणजे जोखीम मोजण्याच्या कोडिंगचे काम मिळते. त्यात मेडिकेअर ॲडव्हान्टेजच्या, म्हणजे खासगी विमा कंपन्यांमार्फत चालणाऱ्या मेडिकेअर योजनेच्या, रुग्णांचे जुनाट आजार दर कॅलेंडर वर्षात पुन्हा नोंदलेले आहेत का, हे पाहिले जाते. एकदा कापावा लागलेला पाय परत येत नाही, तरीही त्याची नोंद दरवर्षी नव्याने असावी लागते, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला विचित्र वाटते. या कामात ९५ टक्के अचूकता हा रूढ मापदंड आहे. वेगाचे टार्गेट त्याच्या जोडीला असते. मुलाखतीत बहुधा एखादा छोटा चार्ट समोर ठेवतात आणि कोड सांगितल्यावर ‘का?’ असे विचारतात. सरावाच्या वहीचा तिसरा आणि चौथा रकाना तेव्हा तोंडपाठ असल्यासारखा बाहेर येतो.

सीपीसी उत्तीर्ण झालेल्या पण अनुभव नसलेल्या उमेदवाराच्या पदनामापुढे ‘ए’, म्हणजे शिकाऊ, असे अक्षर लागते. दोन वर्षांच्या कामाचा पुरावा दिल्यावर ते निघते. एक वर्षाचे काम आणि किमान ८० तासांच्या कोडिंग शिक्षणाचे प्रमाणपत्र एकत्र दाखवूनही ते काढता येते. म्हणून महाविद्यालयाकडून अभ्यासक्रम पूर्ण केल्याचे जे पत्र घ्याल, त्यावर एकूण तास स्पष्ट लिहून घ्यावेत.